नव्वद दिवसांची बेरीज

(१ मे रोजी वारजे येथील एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे लेखी रूप.)



आज १ मे. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन असे दुहेरी निमित्त असल्यामुळे कचेऱ्या बंद आहेत, बँका बंद आहेत, आणि म्हणूनच आपण सारे सकाळच्या वेळी येथे निवांतपणे बसू शकलो आहोत. मी घरून पायीच आलो. वाटेत, महामार्गाच्या पुलापासून थोड्याच अंतरावर, आपल्या वारज्याचा मजूर अड्डा लागतो. तो मात्र बंद नव्हता. नेहमीप्रमाणे माणसे उभी होती. कोणाच्या पिशवीतून थापीचा दांडा डोकावत होता, कोणाच्या हातात रंगाचा ब्रश होता, बायका घमेली उपडी घालून त्यांवर बसल्या होत्या. गिऱ्हाईक तेवढे कमी होते. ज्यांच्या नावाने हा दिवस पाळला जातो, त्यांतल्या सर्वांत मोठ्या समूहाच्या वाट्याला ह्या दिवशी सुट्टी येत नाही, खाडा येतो. सुट्टी आणि खाडा ह्या दोन शब्दांतील अंतर हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली. नारायण मेघाजी लोखंडे ह्या सत्यशोधक कार्यकर्त्याने सभा घेतल्या, अर्ज केले, हजारो कामगारांना एकत्र आणले, तेव्हा कुठे मुंबईचे गिरणीमालक आठवड्यातला एक दिवस सोडायला तयार झाले. ह्या घटनेचा अभिमान आपल्याला असावाच. पण एक बाब लक्षात घ्या. सुट्टी मागायची तर ती कोणाकडे तरी मागावी लागते. लोखंडे ह्यांच्यासमोर मालक होते, मालकांची नावे ठाऊक होती, गिरणीला दरवाजा होता आणि दरवाज्यात हजेरीपट होता. त्यानंतरच्या शंभर वर्षांत कामगारांनी जे जे मिळविले, मग तो भविष्यनिर्वाह निधी असो, कामगार विमा असो, बोनस असो की बाळंतपणाची रजा असो, ते सारे एकाच गृहीतावर उभे राहिले. ते गृहीत असे की, कामगाराला मालक असतो आणि तो मालक सापडतो. अड्ड्यावरच्या माणसाकडे कसब असते, कष्टांची तयारी असते, वर्षाकाठी पुष्कळसे कामही असते. मालक मात्र रोज नवा असतो, आणि संध्याकाळी मजुरी हातावर ठेवली की तो मालक उरत नाही.

वारज्याचा आणि ह्या माणसांचा संबंध काय, हे नव्याने राहायला आलेल्यांना कदाचित ठाऊक नसेल. धनंजयराव गाडगीळ ह्यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे केलेल्या पुण्याच्या आर्थिक-सामाजिक पाहणीचा पहिला भाग १९४५ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी वारजे हे मुठेकाठचे शेतीवर जगणारे गाव होते. पुणे शहर त्याच्यापासून चांगले लांब होते. पुढे खडकवासल्याला राष्ट्रीय प्रबोधिनी आली, तिच्याकडे जाणाऱ्या रस्त्याला रहदारी आली, नंतर महामार्ग आला, आणि १९९७ साली गाव महापालिकेच्या हद्दीत गेले. जेथे ज्वारी उभी राहत असे तेथे सोसायट्या उभ्या राहिल्या. त्या उभ्या करायला माणसे कोठून आली? मराठवाड्यातून आली, सोलापुराकडून आली, कर्नाटकाच्या सीमेपलीकडून तांडेच्या तांडे आले. अलीकडे उत्तरेकडूनही येतात. १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडायला लावलेल्या पिढीची नातवंडे आज त्याच रांगेत उभी आहेत. त्यांनी बांधलेल्या इमारतींत आपण राहतो, आणि ती डोंगरउतारावरच्या, पाण्याच्या पाळीवर चालणाऱ्या वस्त्यांत राहतात.

आम्ही अर्थशास्त्राची माणसे ह्या साऱ्याला ‘असंघटित क्षेत्र’ म्हणतो. ह्या संकल्पनेचा इतिहास फार जुना नाही. कीथ हार्ट नावाच्या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने घानाच्या अक्रा शहरातील गरीब वस्तीचा अभ्यास करून १९७१ साली असे मांडले की, सरकारी आकड्यांत जे बेकार दिसतात ते रिकामे बसलेले नसतात. ते अनेक तऱ्हांनी कमावत असतात, केवळ त्यांची कमाई कोणत्याही नोंदवहीत येत नाही. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या केनियावरील अहवालाने हा शब्द जगभर नेला. त्या वेळी अनेकांना वाटे की, ही अवस्था तात्पुरती आहे. कारखाने वाढतील आणि ही माणसे त्यांत सामावली जातील. आपल्याकडे तसे घडले नाही. अर्जुन सेनगुप्ता आयोगाने २००७ साली सांगितले की, भारतातल्या दर १०० कष्टकऱ्यांपैकी सुमारे ९२ जण सामाजिक सुरक्षेबाहेर, अनौपचारिक रीतीने काम करतात. ज्या क्षेत्रात शंभरातले ब्याण्णव आहेत, त्याला अपवाद कसे म्हणायचे? अपवाद असलाच तर तो माझ्यासारख्या निवृत्तिवेतन घेणाऱ्याचा आहे.

शिवाय ‘असंघटित’ हा शब्दही मला दिवसेंदिवस खटकू लागला आहे. अड्ड्यावर तासभर उभे राहून पाहा. गवंडी एका बाजूला, रंगारी दुसऱ्या बाजूला, फरशीवाले त्यांच्या पलीकडे, बिगारी आणि बायका रस्त्याच्या कडेला, अशी जागांची वाटणी ठरलेली असते. त्या त्या हंगामाचा रोज कोणी फळ्यावर लिहीत नाही, तरी तो सर्वांना ठाऊक असतो. नवख्याने तो तोडला तर जुने त्याला समज देतात. ओळखीच्या मुकादमाची उचल कोणी घेतली आणि कोणाची फिटली, ह्याचाही हिशोब तोंडी पाठ असतो. ही माणसे आपापल्या परीने पुरेशी संघटित आहेत. विस्कळीत आहे ती त्यांच्याविषयीची आपली जबाबदारी.

ह्या बाजाराचे एक वैशिष्ट्य असे की, येथे माल नासका आहे. आजचा दिवस आज विकला गेला नाही तर तो उद्या विकता येत नाही. भाजीवाला संध्याकाळी उरलेली मेथी स्वस्तात देतो; अड्ड्यावर संध्याकाळ साडेदहालाच होते. आठ वाजता जो माणूस ठरलेल्या रोजाला ठाम असतो, तोच साडेदहाला पन्नास-शंभर रुपये खाली येतो, कारण त्यानंतर चहा, वडापाव आणि बसभाडे पदरचे घालून हात हलवीत घरी जायचे असते. त्यांच्या भाषेत ‘दिवस पडतो’. महिन्यातून असे किती दिवस पडतील हे त्याला माहीत नसते. खोलीचे भाडे, मुलाची फी आणि वाण्याची उधारी मात्र महिन्याच्या महिन्याला न चुकता उभी राहते.

आता मी स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला संकोच वाटतो, पण ती टाळली तर आजचे बोलणे पुस्तकी ठरेल. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या घराची गच्ची दुरुस्त करायची होती. मी अड्ड्यावर गेलो तो साडेदहा वाजता गेलो. ती वेळ मी अजाणता निवडली नव्हती. श्रमबाजारावर आयुष्यभर वर्ग घेतलेल्या माणसाला ती वेळ बरोबर कळत होती. एक गवंडी आणि त्याच्याबरोबरची एक बिगारी बाई अशी दोघे ठरवली आणि रोजात पन्नास रुपये कमी करून घेतले. चार दिवस काम चालले. काम चोख झाले. ती गच्ची त्यानंतर गळलेली नाही. बाईला गवंड्यापेक्षा बराच कमी रोज होता, आणि तीन जिने चढून वाळू तिनेच आणली होती. हे मी पाहिले, आणि अड्ड्याचा दर म्हणून स्वीकारले.

दोनेक महिन्यांनी तो गवंडी दारात उभा राहिला. हातात एक छापील फॉर्म होता. म्हणाला, “सर, नव्वद दिवसांची सही पायजे.”

बांधकाम कामगारांसाठी केंद्राने १९९६ साली कायदा केला. त्यानुसार राज्याराज्यांत कल्याणकारी मंडळे झाली. मंडळाकडे नाव नोंदले की मुलांना शिष्यवृत्ती, आजारपणात मदत, अपघातात कुटुंबाला आधार असे लाभ मिळू शकतात. नोंदणीसाठी वय १८ ते ६० च्या दरम्यान हवे आणि गेल्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. तो दाखला त्याला माझ्याकडून हवा होता.

मी म्हणालो, “अहो, माझ्याकडे तुम्ही चारच दिवस होता.”

तो म्हणाला, “चारच होतो. पर वर्षात दीड-दोनशे तरी भरलं असतील. तुमच्याकडं चार, पलीकडच्या बंगल्यात सहा, त्या दुकानाच्या भिंतीला तीन. बेरीज करा की सर, तुमी तर शिकलेली मानसं.”

मित्रहो, मी आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, पण ह्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. नव्वद दिवसांची सही केली असती तर ती माझ्यापुरती खोटी ठरली असती. न केली तर त्याने खरोखर केलेले दीडशे दिवसांचे काम खोटे ठरत होते. मी मधला मार्ग काढला. चार दिवसांचा दाखला लिहून दिला, खाली सही केली, तारीख घातली. त्याचा काही उपयोग नव्हता, हे मलाही ठाऊक होते आणि त्यालाही. त्याने तो कागद नीट घडी घालून खिशात ठेवला, पाणी प्यायला आणि गेला.

नंतर मी कायदा काढून वाचला, तेव्हा कळले की, मी नव्वद दिवसांची सही केली असती तरी अडचण होतीच. कायद्याच्या दृष्टीने मी त्याचा मालकच नव्हतो. १९९६ च्या कायद्यात असे होते की, स्वतःच्या राहत्या घराचे काम दहा लाख रुपयांपर्यंतचे असेल तर घरमालकाला तो लागू नाही. दहापेक्षा कमी कामगार असलेली कामेही बाहेर. म्हणजे अड्ड्यावरचा माणूस वर्षभर ज्या प्रकारची कामे करतो, गळती, प्लास्टर, फरशी, कुंपणाची भिंत, नेमकी तीच कामे वगळलेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या आणि ह्या कायद्यातील कल्याणाच्या तरतुदी सामाजिक सुरक्षेच्या संहितेत सामावल्या. तिच्यात ९० दिवसांची अट कायम राहिली, आणि घरमालकाच्या सवलतीची मर्यादा दहा लाखांवरून ५० लाखांवर गेली. महागाई वाढली म्हणून मर्यादा वाढली, असे समर्थन होईल. पण ह्या एका आकड्याने किती दिवसांचे काम हिशोबाबाहेर गेले, ह्याची गणना कोणी केली आहे काय? महापालिकेच्या अधिकाऱ्याकडूनही दाखला मिळण्याची सोय आहे, असे सांगितले जाईल. खरे आहे, पण ज्याची हजेरी कोठेच लागलेली नाही त्याला अधिकाऱ्याने कशाच्या आधारे दाखला द्यावा? म्हणून मग दाखल्यांचा बाजार सुरू होतो, दलाल येतात, आणि ज्याने खरोखर घाम गाळला त्याला आपल्याच घामाचा पुरावा पैसे मोजून विकत घ्यावा लागतो.

हा प्रश्न कागदाचा आहे, असे कोणाला वाटत असेल तर त्याने २०२० चे दिवस आठवावेत. मार्चच्या २४ तारखेला रात्री टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी अड्डा ओस होता. एप्रिलमध्ये राज्य सरकारने बांधकाम कामगारांच्या बँक खात्यांत प्रत्येकी २००० रुपये जमा करण्याचे ठरविले. निर्णय चांगला होता, पण तो नोंदणी असलेल्यांसाठी होता. ज्याच्याकडे नव्वद दिवसांची सही नव्हती, तो सरकारच्या लेखी बांधकाम कामगार नव्हता. त्याने बांधलेली घरे मात्र उभी होती, आणि त्या घरांच्या सज्ज्यांत उभे राहून आपण महामार्गावरून डोक्यावर बोचकी घेऊन चाललेली माणसे पाहत होतो.

पैसा नाही, ही सबब येथे चालणार नाही. बांधकामाच्या खर्चाच्या एक टक्का उपकर ह्यासाठीच घेतला जातो. तो भरणारा आपल्या सदनिकेच्या किमतीत तो धरतो, म्हणजे अंतिमतः तो आपणच दिलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मधील निकालात दाखवून दिले की, देशभर सुमारे ३७,४०० कोटी रुपये गोळा झाले होते आणि त्यांतले सुमारे ९,५०० कोटीच कामगारांसाठी खर्च झाले होते. पैसे आहेत, माणसे आहेत. दोहोंच्या मध्ये एक सही नाही.

मग ही माणसे तगतात कशी? ह्याचे उत्तर अड्ड्यावर मिळत नाही, त्यांच्या घरात मिळते. पुरुषाचा दिवस पडतो त्या दिवशी चूल पेटते ती बाईच्या चार घरच्या धुण्याभांड्यांवर. तिचा पगार थोडा असतो, पण तो महिन्याच्या महिन्याला येतो. तिच्या पगाराच्या भरवशावरच वाणी उधारी देतो आणि भिशीत नाव लागते. विमा कंपनीने जे काम करायचे ते ह्या वस्त्यांत बायकोची मोलमजुरी करते. ह्या बायकांनी पुण्याला एकदा आपली ताकद दाखवलेली आहे. १९८० साली शहरातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यांतून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. भांडी घासणाऱ्या बाईला पगारी रजा आणि दिवाळीचा बोनस मागता येतो, हे तेव्हा मध्यमवर्गाला प्रथम समजले. त्यांच्यासाठी कल्याण मंडळाचा कायदा व्हायला मात्र २००८ साल उजाडावे लागले. संपानंतर अठ्ठावीस वर्षे.

आता उपाय. तो शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. आपल्याच राज्याने तो १९६९ साली शोधला आहे. माथाडी कामगाराची अवस्था अड्ड्यावरच्या माणसासारखीच होती. आज ह्या गाळ्यावर, उद्या त्या गोदामात. मालक एक नव्हता आणि जे होते ते सारे ‘हा आमचा नोकर नव्हे’ म्हणून मोकळे होत. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात हमाल पंचायत उभी करणारे बाबा आढाव ह्यांच्यासारख्यांच्या लढ्यांनी हा पेच सोडविण्याची वाट दाखविली. माथाडी कायद्याने विचारले, मालक बदलतात तर बदलू देत. आपण मध्ये एक मंडळ का उभे करू नये? कामगाराचे नाव मंडळाकडे, व्यापाऱ्याचेही नाव मंडळाकडे. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरचा अधिभार मंडळात भरतो, आणि मंडळ त्यांतून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार देते. मालक दहा असोत की शंभर, कामाची बेरीज एका ठिकाणी होते. त्या गवंड्याने माझ्याकडे मागितली होती ती नेमकी हीच बेरीज.

माझे म्हणणे एवढेच आहे की, ही व्यवस्था आता बाजारपेठेतून मजूर अड्ड्यापर्यंत यावी. हजेरी मालकाच्या दारात लावण्याऐवजी अड्ड्यावर लावावी. महापालिकेने तेथे छप्पर, पाणी आणि शौचालय द्यावे, आणि मंडळाने एक खिडकी उघडून सकाळी येणाऱ्या प्रत्येकाची नोंद घ्यावी. कामाला गेला त्याचीही आणि काम न मिळाल्यामुळे परत गेला त्याचीही. हा विचार महाराष्ट्राला परका नाही. वि. स. पागे ह्यांच्या प्रेरणेने ह्या राज्याने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला, तेव्हा काम मागणाऱ्याची मागणी हाच त्याचा हक्क मानला आणि काम देता आले नाही तर भत्ता देण्याचे बंधन शासनाने स्वतःवर घेतले. ती हमी ग्रामीण भागापुरती होती. गावच्या बांधावर ज्याची काम मागण्याची तयारी हा त्याचा हक्क होता, तोच माणूस एस. टी. ने वारज्याला उतरला की त्याची तीच तयारी त्याचा नाइलाज ठरते. हा न्याय मला समजलेला नाही.

आक्षेप येतील आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. माथाडीच्या नावाखाली काही औद्योगिक भागांत गुंडांनी खंडणी उकळली, असे सांगितले जाते. ते खोटे नाही. पण त्यावर उपाय खंडणी घेणाऱ्याला शिक्षा हा आहे, हमालाचे संरक्षण काढणे हा नाही. दुसरा आक्षेप असा की, ही सारी कटकट नको म्हणून घरमालक अड्ड्यावर येणारच नाहीत. गच्ची गळू लागली की येतील. मी आलोच होतो. तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम पोर्टल सुरू झाले. मग आणखी नोंदणी कशाला? ह्याचे उत्तर असे की, त्या नोंदणीत माणूस असतो, त्याचा दिवस नसतो. आणि हक्क दिवसांच्या हिशोबावर मिळतो.

कायदा बदलेपर्यंत आपण काय करायचे, असे आपण विचाराल. आठ वाजताचा रोज साडेदहा वाजताही द्यायचा, आणि बाईला तिच्या कामाचा रोज द्यायचा. ह्याला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. दुसरे, कोणालाही एक दिवस जरी कामावर बोलावले तरी संध्याकाळी मजुरीबरोबर एक चिठ्ठी द्यायची. तिच्यावर त्याचे नाव, तारीख, काम, दिलेली मजुरी आणि आपली सही. माझा चार दिवसांचा दाखला निरुपयोगी ठरला तो खोटा होता म्हणून नव्हे, एकटा होता म्हणून. वारज्यातल्या शे-दोनशे घरांनी वर्षभर अशा चिठ्ठ्या दिल्या, तर त्यांचा गठ्ठा घेऊन आपल्याला मंडळाच्या कचेरीत जाता येईल आणि विचारता येईल की, ही बेरीज नव्वदच्या वर जाते की नाही, ते तुम्हीच सांगा.

त्या गवंड्याने मला शिकलेला माणूस समजून बेरीज करायला सांगितले होते. ती मी एकट्याने करू शकलो नाही. आपण मिळून करू या, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.